कर्नलच्या कोडवर झाडू फिरवताना: शैलीची स्वयंचलित सफाई पायरीपायरीने

लिनक्स कर्नलमधल्या (त्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यातल्या) एखाद्या जुन्या ड्रायव्हरवर चेकपॅच ही कोडची शैली तपासणारी स्क्रिप्ट चालवून पाहा. तक्रारींचा नुसता पाऊस पडतो. इथे टॅबच्या जागी स्पेस, तिथे नको असलेला महिरपी कंस, पलीकडे ओळ फार लांब. त्याच स्क्रिप्टला आणखी एक पर्याय दिला की यातल्या बऱ्याच गोष्टी ती आपणहून दुरुस्तही करते. कर्नलमध्ये पहिलं पाऊल टाकू पाहणाऱ्याला वाटतं, हे तर डाव्या हातचं काम आहे!

मलाही तसंच वाटलं होतं. माझ्या पहिल्या सफाईच्या पॅचला, म्हणजे ईमेलने पाठवलेल्या बदलाला, मेंटेनरचं (कर्नलचा तो भाग सांभाळणाऱ्याचं) उत्तर एका ओळीचं आलं: हे कंपाइल करून पाहिलंत का? पाहिलं होतं की, बिल्ड पूर्ण झाला होता, एकही वॉर्निंग नव्हती. नंतर ट्यूब पेटली. माझ्या कॉन्फिगमध्ये, म्हणजे कर्नलचे कोणते भाग बिल्ड करायचे हे ठरवणाऱ्या यादीत, तो ड्रायव्हरच बंद होता. मी बदललेली फाइल कंपायलरने पाहिलीसुद्धा नव्हती, आणि त्यात एक अर्धविराम गायब होता.

तेव्हापासून माझा हिशेब असा आहे की सफाईचा पॅच तयार करायला पाच मिनिटं लागतात आणि त्याने काही बिघडलं नाही हे सिद्ध करायला दोन तास. खरं काम त्या दोन तासांत आहे, म्हणून लेखाचा बराचसा भर तिथेच आहे. (कमांड, फाइली आणि फंक्शनांची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलवर ती नेहमीच्या रोमन लिपीतच टाइप करायची.)

नियम आधी वाचा

कर्नलच्या सोर्समध्ये डॉक्युमेंटेशन फोल्डरच्या आत प्रोसेस नावाचं फोल्डर आहे, त्यात कोडिंग-स्टाइल ही फाइल. तासाभरात वाचून होते. सुरुवातीलाच जीएनयूचे कोडिंगचे नियम छापून घ्या, वाचू नका आणि जाळून टाका असा खोडकर सल्ला आहे, त्यामुळे कंटाळाही येत नाही. टॅब ८ अक्षरांचा. इंडेंट तीन पातळ्यांपेक्षा खोल गेलं तर फंक्शनची मांडणीच चुकली आहे असं समजायचं. फंक्शनचा सुरुवातीचा महिरपी कंस नव्या ओळीवर, बाकी सगळीकडे त्याच ओळीच्या शेवटी.

ओळीच्या लांबीबद्दल बराच गोंधळ असतो. पूर्वी ८० अक्षरांपुढे गेलं की चेकपॅच ओरडायचा. मे २०२० मध्ये ती मर्यादा १०० वर नेली. नियमांच्या फाइलीत मात्र पसंतीची लांबी आजही ८० च आहे. म्हणजे ८५ अक्षरांची ओळ वाचायला सरळ असेल तर राहू द्या, पण म्हणून सगळ्या ओळी १०० पर्यंत ताणायला निघू नका. एक गोष्ट यंत्र आणि माणूस दोघांनीही पाळायची: लॉगमध्ये छापल्या जाणाऱ्या संदेशाची स्ट्रिंग दोन ओळींत तोडायची नाही, ती कितीही लांब असली तरी. कोणाच्या तरी लॉगमध्ये तो संदेश दिसतो, तो माणूस ग्रेप (मजकूर शोधणारी कमांड) मारून कोडमधली जागा शोधतो. स्ट्रिंग तुटलेली असेल तर त्याला ती सापडत नाही.

कुठे हात घालायचा, कुठे नाही

नवशिक्यांसाठी सुरक्षित जागा म्हणजे ड्रायव्हर्सच्या आतलं स्टेजिंग फोल्डर. २००८ मध्ये ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी ते सुरू केलं. जे ड्रायव्हर कामचलाऊ आहेत पण अजून कर्नलच्या दर्जाला उतरलेले नाहीत, त्यांना ठेवायची ही जागा. तिथल्या ड्रायव्हरसोबत सहसा टूडू नावाची फाइल असते आणि काय काय साफ करायचं बाकी आहे ते तीत लिहिलेलं असतं. ती आधी वाचा. कधी कधी तीत लिहिलेलं असतं की हा ड्रायव्हर लवकरच काढून टाकायचा आहे. मग तिथल्या स्पेस सरळ करण्यात काय अर्थ?

स्टेजिंगच्या बाहेर चित्र पालटतं. नेटवर्किंगच्या मेंटेनरांनी तर लेखी नियमच केला आहे की दुसऱ्या कामाच्या ओघात न आलेली साधी सफाई पाठवू नका. चेकपॅचच्या तक्रारी मिटवणं, स्थानिक व्हेरिएबलांचा क्रम लावणं, कोड डेव्हएम प्रकारच्या (घेतलेली साधनं आपोआप मोकळी करणाऱ्या) हेल्पर फंक्शनांकडे वळवणं, ही उदाहरणंही त्यांनी नावानिशी दिली आहेत. स्पेलिंग आणि व्याकरणाच्या दुरुस्त्यांना मात्र त्यांची ना नाही.

हा आडमुठेपणा नव्हे. समजा एका फंक्शनमधल्या ४० ओळींचं इंडेंट तुम्ही बदललंत. सहा महिन्यांनी त्याच फंक्शनमध्ये सुरक्षेची त्रुटी सापडली. दुरुस्ती ताज्या कर्नलमध्ये झाली, आता ती जुन्या स्टेबल (फक्त दुरुस्त्या घेणाऱ्या) आवृत्त्यांत न्यायची आहे. तिथे तुमची सफाई नाही, कारण नुसत्या स्पेस-स्पेलिंगच्या दुरुस्त्या स्टेबलमध्ये घेतच नाहीत. पॅच बसत नाही, कोणीतरी तो हाताने बसवतो, आणि हाताने बसवताना चुका होतात. दुसरा खर्च इतिहासाचा. गिट ब्लेम (कोणती ओळ कोणी, कोणत्या बदलात लिहिली हे दाखवणारी कमांड) मारल्यावर ही ओळ का लिहिली हे कळण्याऐवजी दर ओळीवर तुमचं नाव दिसतं. ब्लेमला डॅश-डब्ल्यू हा पर्याय दिला की निव्वळ स्पेसचे बदल वगळले जातात, पण ओळी जोडल्या-तोडल्या असतील तर तोही हात टेकतो.

कोणता भाग कोण सांभाळतं ते सांगणाऱ्या मेंटेनर्स फाइलीत ज्याचा दर्जा ऑब्सोलीट (कालबाह्य) असा नोंदला आहे त्या कोडला हातच लावू नका. चेकपॅच स्वतःच तसा इशारा देतो.

चेकपॅचकडून काम करून घेणं

ही पर्लमध्ये लिहिलेली स्क्रिप्ट कर्नलच्या स्क्रिप्ट्स फोल्डरमध्ये असते. मुळात ती पॅच तपासण्यासाठी आहे, म्हणून सबंध फाइल तपासायची असेल तर डॅश-एफ द्यावा लागतो. तक्रारी तीन दर्जांच्या असतात: एरर, वॉर्निंग आणि चेक. चेक हा सगळ्यांत सौम्य प्रकार आणि तो सहसा डॅश-डॅश-स्ट्रिक्ट दिल्यावरच दिसतो. नेटवर्किंग आणि स्टेजिंगच्या फोल्डरांत तो आपोआप चालू असतो, त्यामुळे तिथे यादी लांब दिसली तर घाबरू नका.

पहिल्या फेरीत काहीही दुरुस्त करू नका. डॅश-डॅश-शो-टाइप्स देऊन फक्त यादी काढा. प्रत्येक तक्रारीपुढे तिच्या प्रकाराचं नाव येतं. कोणता प्रकार किती वेळा आला ते मोजा. मग एकच प्रकार निवडा आणि डॅश-डॅश-टाइप्सला तेवढंच नाव देऊन पुन्हा चालवा. एका पॅचमध्ये एकाच प्रकारचा बदल हा कर्नलचा दंडक आहे आणि तो इथपासूनच पाळलेला बरा.

आता दुरुस्ती. डॅश-डॅश-फिक्स दिला तर मूळ फाइल तशीच राहते आणि शेजारी दुसरी फाइल तयार होते. तिच्या नावाच्या शेपटीतच एक्सपेरिमेंटल हा शब्द असतो, तो उगाच नाही. डॅश-डॅश-फिक्स-इनप्लेस मूळ फाइलीवरच लिहितो, म्हणून त्याआधी गिट स्टेटस स्वच्छ असल्याची खात्री करा. स्क्रिप्ट सी भाषा समजत नाही. ती रेग्युलर एक्सप्रेशनांवर, म्हणजे अक्षरांच्या नमुन्यांवर, चालते, तिला दिसतात त्या अक्षरांच्या ओळी. म्हणून तिने दुरुस्त केलेली प्रत्येक ओळ डोळ्यांखालून घालायची. दुरुस्तीनंतर खालच्या ओळीचं संरेखन बिघडलं, नवीच तक्रार उभी राहिली, हे नेहमीचं आहे.

ज्या तक्रारी शैलीच्या वाटतात, पण नसतात

इथे थोडं थांबू, कारण बहुतेक अपघात इथेच होतात.

थोडा वेळ थांबायच्या फंक्शनांबद्दल चेकपॅच सांगतो: यूडिलेपेक्षा यूस्लीप-रेंज बरं. कोणालाही वाटेल की एक नाव जाऊन दुसरं आलं. पण यूडिले प्रोसेसर गुंतवून ठेवून थांबतं आणि यूस्लीप-रेंज झोपतं, म्हणजे प्रोसेसर दुसऱ्याच्या हवाली करतं. ज्या फंक्शनमध्ये हा बदल केला ते स्पिनलॉक (ज्यासाठी प्रोसेसर न झोपता ताटकळतो असं कुलूप) धरून किंवा इंटरप्ट हँडलरमधून (हार्डवेअरच्या हाकेला लगेच उत्तर देणाऱ्या कोडमधून) बोलावलं जात असेल तर तिथे झोपायला मनाईच आहे. कोड कंपाइल होतो, चाचणीच्या मशीनवर चालतोही, आणि एके दिवशी लॉगमध्ये ‘शेड्यूलिंग व्हाइल ॲटॉमिक’ची बोंब उठते. हा बदल करायचाच असेल तर त्या फंक्शनला बोलावणारे सगळे शोधा, मग त्यांना बोलावणारे शोधा, कुठेही लॉक नाही हे दाखवा आणि कॉन्फिगमध्ये डिबग-ॲटॉमिक-स्लीप चालू ठेवून खऱ्या हार्डवेअरवर चालवा. हार्डवेअर हाताशी नसेल तर हा बदल सोडून द्या.

दुसरं उदाहरण स्ट्रिंगच्या नकलेचं. कर्नलमधून स्ट्रएलसीपीवाय हे फंक्शन २०२४ मध्ये ६.८ आवृत्तीत पूर्ण काढून टाकलं आणि सगळे वापर स्ट्रएससीपीवायकडे वळवले. अर्ग्युमेंट तीच, क्रम तोच, पण परत येणारी किंमत वेगळी. जुनं फंक्शन मूळ स्ट्रिंगची लांबी परत द्यायचं. नवं फंक्शन नक्कल केलेल्या अक्षरांची संख्या देतं आणि स्ट्रिंग मावली नाही तर उणे ई-टू-बिग, म्हणजे उणे ७. आता समजा जुन्या कोडमध्ये तपासणी होती: परत आलेली किंमत बफरच्या आकाराएवढी किंवा मोठी असेल तर एरर. आकार साइजऑफने काढला असेल तर तुलना अनसाइन्ड होते, उणे ७ चा प्रचंड मोठा आकडा बनतो आणि तपासणी योगायोगाने बरोबर लागते. आकार साध्या इंट व्हेरिएबलमध्ये असेल तर उणे ७ हे त्या आकारापेक्षा लहानच ठरतं, तपासणी चुकते आणि तुटलेली स्ट्रिंग पुढे जाते. नाव बदलणारी स्क्रिप्ट दोन्ही ठिकाणी अगदी सारखाच बदल करते.

स्ट्रएनसीपीवायचं दुखणं निराळं. ते बफरची उरलेली जागा शून्यांनी भरतं, स्ट्रएससीपीवाय भरत नाही. तो बफर एखाद्या स्ट्रक्चरमध्ये असेल आणि ते स्ट्रक्चर पुढे यूजरस्पेसकडे, म्हणजे कर्नलबाहेरच्या साध्या प्रोग्रॅमांकडे, जात असेल, तर न भरलेल्या जागेतून कर्नलच्या मेमरीतले उरलेसुरले बाइट बाहेर पडतात. त्यासाठी नावात पॅड असलेलं वेगळं फंक्शन आहे. कुठे कोणतं लागेल हे स्ट्रक्चरचा पुढचा प्रवास पाहिल्याशिवाय कळत नाही.

अशी आणखी काही. लॉगमध्ये संदेश छापायला प्रिंटके सोडून डेव्ह-डिबग वापरा असं सुचवलं जातं, पण डेव्ह-डिबगचे संदेश डिबग किंवा डायनॅमिक डिबग चालू नसेल तर येतच नाहीत. कोणी त्या संदेशावर विसंबून असेल तर तो गेला. १ डावीकडे सरकवण्याच्या जागी बिट मॅक्रो घातला की किंमत इंटऐवजी अनसाइन्ड लाँग होते, आणि ६४-बिट मशीनवर तिचं उलट करून ३२-बिट व्हेरिएबलशी जोडलं की कंपायलर कुरकुरू लागतो. मॅक्रोभोवती कंस घाला ही तक्रार इनिशियलायझरची यादी बनवणाऱ्या मॅक्रोलाही लागते आणि तिथे कंस घातला तर कोड कंपाइलच होत नाही. आतल्या इफभोवतीचा महिरपी कंस अनावश्यक दिसतो, पण बाहेरच्या इफला एल्स असेल तर तो काढताच एल्स आतल्या इफला चिकटतो.

यावरून मी एक ढोबळ नियम केला आहे. ज्या बदलात फक्त स्पेस, टॅब, ओळ तोडणं किंवा कॉमेंट हलते ती सफाई. ज्यात एखादं नाव बदलतं तो कोडमधला बदल, मग त्याला चेकपॅच काहीही म्हणो.

क्लँग-फॉरमॅट: फक्त स्वतःच्या ओळींवर

क्लँग-फॉरमॅट हे कोडची मांडणी आपोआप लावणारं साधन. २०१८ पासून कर्नलच्या सोर्सच्या सगळ्यांत वरच्या फोल्डरमध्ये त्याची सेटिंग फाइल आहे. कर्नलच्या फॉर-ईच प्रकारच्या (लूपसारख्या वापरायच्या) मॅक्रोंची लांबलचक यादीही तीत दिलेली आहे, नाहीतर ते साधन या मॅक्रोंना फंक्शन समजून भलतंच इंडेंट देतं. नवा कोड लिहिताना हे फार सोयीचं. जुन्या सबंध फाइलीवर फिरवाल तर पस्तावाल. रजिस्टरांचे पत्ते आणि बिटांचे तक्ते कोणीतरी हाताने रकाने जुळवून लावलेले असतात, ते एका झटक्यात विस्कटतात. गिट क्लँग-फॉरमॅट ही उपकमांड वापरली तर फक्त तुम्ही बदललेल्या ओळींना हात लागतो. तेवढंच करा.

कॉक्सिनेल: ज्याला सी कळतं

एकच बदल शेकडो ठिकाणी करायचा असेल तर सेडच्या (मजकूर शोधून बदलणाऱ्या कमांडच्या) मागे लागू नका, कॉक्सिनेल शिका. फ्रेंचमध्ये कॉक्सिनेल म्हणजे ठिपकेवाला लाल भुंगा, इंग्रजीत लेडीबग. किडे खाणारा किडा, म्हणून बग खाणाऱ्या साधनाला हे नाव. फ्रान्स आणि डेन्मार्कमधल्या संशोधकांनी हे साधन घडवलं आणि ज्युलिया लॉल यांचं नाव त्याच्याशी कायमचं जोडलेलं आहे. हे कोडची रचना समजून घेतं. ओळ कुठे तुटली, मध्ये कॉमेंट आहे का, याने त्याचं काही अडत नाही.

त्याच्या नियमाला सिमँटिक पॅच म्हणतात आणि तो दिसतोही पॅचसारखाच. एक उदाहरण पाहू. मेमरी मोकळी करणाऱ्या केफ्री या फंक्शनला नल (रिकामा) पॉइंटर दिला तरी ते निमूट परत येतं, म्हणजे त्याआधी नल आहे का हे तपासणं फुकट. ते काढायचा नियम देवनागरीत लिहिला तर असा दिसेल:

@@
एक्सप्रेशन ई;
@@
- इफ (ई != नल)
-         केफ्री(ई);
+ केफ्री(ई);

वरच्या भागात, दोन @@ च्या मध्ये, सांगितलं की ई म्हणजे कोणतीही पदावली. खाली उणे चिन्हाच्या ओळी जाणार, अधिकची येणार. गंमत अशी की कोडमध्ये कोणी ‘ई != नल’ असं पूर्ण न लिहिता नुसतं ‘इफ (ई)’ लिहिलं असेल तरी नियम लागू होतो, कारण या दोन्हींचा अर्थ एकच आहे हे साधनाला आधीच शिकवलेलं आहे. दोन्हीकडची ई मात्र तीच असावी लागते. तपासला एक पॉइंटर आणि मोकळा केला दुसराच, अशा जागी नियम लागत नाही. सेडला हे जमलं नसतं.

चालवण्याची रीत अशी. कर्नलसोबत तयार नियमांचा संच येतो. मेक कॉक्सीचेक ही कमांड द्या, मोडमध्ये आधी रिपोर्ट ठेवा, एम मध्ये फक्त तुमच्या फोल्डरचा मार्ग द्या आणि कॉक्सी मध्ये एकाच नियमाची फाइल. मोड न देता सगळ्या कर्नलवर सगळे नियम सोडलेत तर मशीन दिवसभर तापत बसेल. रिपोर्टमधल्या जागा तपासून झाल्या की मोड पॅच करा, तो डिफ छापून देतो. स्वतःचा नियम असेल तर एसपॅच ही कमांड थेट वापरा.

कॉक्सिनेलने तयार केलेल्या ओळीही वाचायच्याच. त्याला सी कळतं, पण मॅक्रोंच्या जंगलात ते कधी वाट चुकतं, आणि इफडेफच्या (काही कॉन्फिगमध्येच कंपाइल होणाऱ्या तुकड्याच्या) आत लपलेला कोड काही वेळा नीट वाचता न आल्याने सोडून देतं. सगळीकडे बदल झाला असं गृहीत धरू नका. शेवटी साध्या ग्रेपने उरलेल्या जागा मोजा.

काही बदललं नाही हे सिद्ध करणं

आता ते दोन तास.

पहिली पायरी: फाइल खरोखर कंपाइल होते का? फोल्डरमधली मेकफाइल पाहा, कोणत्या कॉन्फिगवर ती फाइल अवलंबून आहे ते शोधा, ते चालू करा. सोपा मार्ग म्हणजे ऑलमॉडकॉन्फिग, त्यात जवळपास सगळे ड्रायव्हर मॉड्यूल म्हणून चालू होतात, आणि कंपाइल-टेस्टची मुभा असलेले दुसऱ्या आर्किटेक्चरचे ड्रायव्हरही त्यात येतात. बिल्डनंतर तुमच्या फाइलीची ऑब्जेक्ट फाइल (कंपायलरने बनवलेला यंत्रकोड) तयार झाली का आणि तिची वेळ आत्ताची आहे का, एवढं पाहा. माझी फजिती एवढ्यानेच टळली असती.

दुसरी पायरी: बदलाआधी आणि नंतर डब्ल्यू=१ (जादा वॉर्निंग) देऊन बिल्ड करा, आणि सी=१ देऊन स्पार्स चालवा. स्पार्स हे मुळात लिनस टोरवाल्ड्स यांनीच लिहिलेलं तपासणी साधन आहे. दोन्ही वेळचं आउटपुट फाइलींत साठवा आणि डिफ करा. आधीच्या शंभर वॉर्निंगांत नवी एखादी लपली तर नुसत्या नजरेला ती दिसत नाही.

तिसरी पायरी, निव्वळ स्पेसच्या बदलांसाठी: गिट डिफ डॅश-डब्ल्यू. काहीच छापलं गेलं नाही तर उत्तम. पण इथे एक फट आहे. हा पर्याय स्ट्रिंगच्या आतल्या स्पेसही वगळतो. चुकून एखाद्या संदेशातल्या दोन स्पेसची एक झाली तर डिफ रिकामाच दिसेल.

ती फट बुजवते चौथी पायरी, आणि हीच सगळ्यांत भक्कम: ऑब्जेक्ट फाइलींची तुलना. स्क्रिप्ट्स फोल्डरमध्ये ऑबजडिफ नावाची छोटी स्क्रिप्ट नेमकी यासाठीच आहे. जुन्या कमिटवर (गिटमध्ये नोंदलेल्या स्थितीवर) बिल्ड करा, ऑबजडिफ रेकॉर्डला ऑब्जेक्ट फाइलींचा मार्ग द्या. नव्या कमिटवर पुन्हा बिल्ड करा, पुन्हा रेकॉर्ड. मग ऑबजडिफ डिफ, आणि त्याला दोन्ही कमिट. ती दोन्हींचं डिसअसेंब्ली करून, म्हणजे यंत्रकोड वाचता येईल अशा रूपात आणून, फरक दाखवते. फरक शून्य आला तर तुमची सफाई खरोखर सफाईच आहे.

पहिल्यांदा करताना फरक येतोच, तेव्हा हातपाय गाळू नका. कॉन्फिगमध्ये डिबग माहिती चालू असेल तर ओळींचे क्रमांक ऑब्जेक्टमध्ये जातात आणि एक ओळ इकडची तिकडे झाली तरी सगळं बदललेलं दिसतं. ती बंद करा. तरीही वॉर्न-ऑन आणि बग-ऑन हे मॅक्रो आपल्या ओळीचा क्रमांक जवळ बाळगतात. तुम्ही वर दोन ओळी काढल्या तर खालच्या प्रत्येक वॉर्न-ऑनचा आकडा दोनने घटतो. फरक फक्त अशा आकड्यांचा असेल आणि प्रत्येक जागी सारखाच असेल तर तो चालतो. मात्र तो एकेक करून पाहायचा, अंदाजाने सोडून द्यायचा नाही.

पॅच बांधणं आणि पाठवणं

विषयाची ओळ कशी लिहायची हे त्या फाइलीचा गिट लॉग पाहून ठरवा. आधीचे लोक ‘स्टेजिंग: ड्रायव्हरचं नाव: काय केलं’ असं लिहीत असतील तर तसंच. क्रियापद आज्ञार्थी: ‘अनावश्यक कंस काढा’, ‘काढले’ नव्हे. मजकुरात फक्त ‘चेकपॅचची तक्रार दुरुस्त केली’ एवढंच लिहिणाऱ्यांचा मला राग येतो. काय बदललं, का बदललं, कोणतं साधन वापरलं, कशाने तपासलं, हे तीन-चार ओळींत मावतं. कॉक्सिनेल वापरलं असेल तर नियम मजकुरातच चिकटवा, म्हणजे रिव्ह्यू करणाऱ्याला तीनशे ओळी वाचण्याऐवजी सात ओळी तपासून काम भागतं. ‘वागणुकीत बदल नाही’ असं लिहायचं ते ऑब्जेक्ट तपासल्यावरच.

शेवटी साइन्ड-ऑफ-बाय. ही पद्धत २००४ पासून आहे. हा कोड द्यायचा मला अधिकार आहे, असं तुम्ही त्या ओळीने सांगता. फिक्सेस ही (कोणत्या जुन्या कमिटमधली चूक दुरुस्त केली ते सांगणारी) ओळ शैलीच्या सफाईला लावू नका, ती खऱ्या बगसाठी आहे, आणि तिच्यामुळे पॅच स्टेबलमध्ये ओढला जाण्याची शक्यता वाढते.

पॅच कोणत्या ट्रीवर, म्हणजे कर्नलच्या सोर्सच्या कोणत्या प्रतीवर, बेतला आहे याला फार महत्त्व आहे. मेनलाइनवर (लिनस यांच्या मुख्य ट्रीवर) तयार केलेली स्टेजिंगची सफाई बहुधा आपटते, कारण तीच सफाई कोणीतरी कालच पाठवलेली असते. त्या विभागाची पुढच्या आवृत्तीची ब्रँच किंवा सगळ्या विभागांचं येऊ घातलेलं काम एकत्र करणारी लिनक्स-नेक्स्ट ट्री घ्या. मग गिट फॉरमॅट-पॅच, तयार झालेल्या पॅचवर पुन्हा एकदा चेकपॅच, गेट-मेंटेनर स्क्रिप्टने कोणाला पाठवायचं ते काढा, आणि गिट सेंड-ईमेलने साध्या मजकुरात पाठवा. साध्या ईमेल प्रोग्रॅममधून चिकटवून पाठवाल तर तो टॅबचे स्पेस करून टाकील. टॅब दुरुस्त करणारा पॅच टॅब मोडून पोचला, असंही मी पाहिलं आहे!

वेळही पाहा. नव्या आवृत्तीनंतर साधारण दोन आठवडे मर्ज विंडो (नवं काम मुख्य ट्रीत घेण्याचा काळ) असते, तेव्हा मेंटेनरांच्या डोक्यावर मोठी कामं असतात. सफाई आरसी-१ नंतर, म्हणजे ती विंडो संपून पुढच्या आवृत्तीचा पहिला चाचणी मसुदा आल्यावर, पाठवावी.

सगळ्या कर्नलभरचा बदल

याची उदाहरणं मोठी आहेत. २०१७ मध्ये ४.१४ च्या वेळी परवान्याचा उल्लेख नसलेल्या हजारो फाइलींत एसपीडीएक्सची (परवाना ठरावीक साच्यात सांगणारी) ओळ घातली गेली. २०१८ मध्ये केस कुक यांनी कॉक्सिनेलच्या आधारे मेमरी मागणाऱ्या केमॅलॉक आणि केझेडॅलॉकमधले गुणाकार अनुक्रमे केमॅलॉक-ॲरे आणि केकॅलॉककडे वळवले, कारण गुणाकार ओव्हरफ्लो झाला तर हवी त्यापेक्षा लहान मेमरी मिळायची. २०२० मध्ये गुस्ताव्हो सिल्वा यांनी स्विचमधल्या ‘फॉल थ्रू’ (इथून मुद्दाम पुढच्या केसमध्ये जायचं) अशा कॉमेंट काढून त्या जागी कंपायलरला कळणारा शब्द घातला. तिन्ही ठिकाणी एक गोष्ट समान आहे: कोड सुंदर दिसावा म्हणून कोणी एवढा खटाटोप केला नाही. परवाना, ओव्हरफ्लो, कंपायलरची वॉर्निंग, प्रत्येकामागे ठोस कारण होतं.

तुमच्याकडे तसं कारण असेल तर आधी एकाच विभागात छोटा नमुना करा, मेंटेनरांचं मत घ्या आणि मग बाकीचं विभागवार तुकडे करून पाठवा. तीनशे फाइलींचा एकच पॅच कोणाच्याच ट्रीत बसत नाही. असे एकगठ्ठा बदल झालेच तर बहुधा आरसी-१ च्या आसपास होतात, कारण त्या वेळी इतरांच्या कामाशी टक्कर सर्वांत कमी होते.

पाठवल्यानंतर

बहुतेकदा पहिलं उत्तर माणसाचं नसतं. इंटेलचा कर्नल टेस्ट रोबो पॅच उचलतो, वेगवेगळ्या आर्किटेक्चरवर बिल्ड करतो आणि काही फुटलं तर कळवतो. तुमच्या मशीनवर न दिसलेली ३२-बिट वॉर्निंग तिथे दिसते. पॅच अजून घेतला गेला नसेल तर दुरुस्ती त्यातच मिसळून व्ही-२, म्हणजे पॅचची दुसरी आवृत्ती, पाठवा, आणि काय बदललं ते तीन डॅशच्या खाली लिहा. तिथला मजकूर कमिटमध्ये जात नाही. घेतला गेला असेल तर व्ही-२ चा उपयोग नाही, वेगळा पॅच करा, आणि आता मात्र फिक्सेसची ओळ लावा, कारण हा खरा बग आहे आणि तो तुमचा आहे. कोणाचंच उत्तर नाही आलं तर दोन आठवडे वाट पाहून एकदा विनम्र आठवण करा. तोवर स्टेजिंगच्या ट्रीत डोकावत राहा, कधी कधी पॅच गुपचूप घेतलेला असतो.